'डार्क'चा शेवटचा भाग: अपघात टळला, पण टाळला कोणी?

चौकस

आधीच सांगते, तिन्ही सीझन पाहून झाले नसतील तर इथूनच मागे फिरा. पुढे सगळं फोडलेलं आहे.

'डार्क' या काळप्रवासाच्या जर्मन मालिकेच्या तिसऱ्या सीझनचा आठवा भाग परत पाहिला. २०२० मध्ये पहिल्यांदा पाहिला तेव्हा शेवटी इतकं भरून आलं होतं की प्रश्न विचारायचं सुचलंच नाही. या वेळी कोरड्या डोळ्यांनी पाहिला आणि पार अडकले.

उजळणी करते. मूळ जगात टानहाउस नावाचा घड्याळजी. १९७१ मध्ये त्याचा मुलगा मारेक, सून आणि तान्ही नात शार्लट गाडीच्या अपघातात जातात. त्यांना परत आणायचं म्हणून हा गृहस्थ यंत्र बनवतो, १९८६ मध्ये चालू करतो आणि त्याचं जग फुटून दोन जगं तयार होतात. एक जोनासचं, ज्याचा पुढे ॲडम होतो. दुसरं त्या दुसऱ्या मार्थाचं, जिची पुढे इव्हा होते. शेवटच्या भागात म्हातारी क्लॉडिया ॲडमला हे सगळं उलगडून सांगते. मग तरुण जोनास आणि दुसऱ्या जगातली मार्था मूळ जगात १९७१ मध्ये पोचतात, पावसात मारेकची गाडी अडवतात, तो माघारी वळतो. अपघात टळतो आणि दोन्ही जगं विरून जातात.

आता सांगा. अपघात झाला नाही तर यंत्र बनणार नाही. यंत्र नाही तर दोन जगं नाहीत, जोनास नाही, मार्था नाही. मग भर पावसात रस्त्यात उभं राहून गाडी अडवली कोणी?

निशाचर

लेखकांनी.

चौकस

निशाचर, ते मलाही कळतं हो. पण याच लेखकांनी आधीचे पंचवीस भाग एकही धागा मोकळा सोडला नव्हता. म्हणून तर चिडचिड होतेय.

खारूताई

मी तर शार्लटपाशीच गडगडले. मूळ जगातल्या नातीचं नाव शार्लट आणि पोलिसातली शार्लट डॉप्लर, या दोघी एकच का?

भिंगरी

नाही खारूताई, दोन वेगळ्या मुली आहेत. टानहाउसची सख्खी नात अपघातात गेली ती. पोलिसातली शार्लट म्हणजे नोआ आणि एलिझाबेथची मुलगी. तिला तान्ही असताना उचलून टानहाउसच्या दारी आणून दिलं जातं आणि तो तिला नात म्हणून वाढवतो. आणून देणाऱ्या कोण? मोठी झालेली शार्लट स्वतः आणि एलिझाबेथ. म्हणजे तिने स्वतःलाच पळवलं. आणि एलिझाबेथ ही शार्लटची मुलगी असल्यामुळे त्या दोघी एकमेकींच्या आया आहेत. इथे बहुतेकांची वही मिटते.

माझी वंशावळ भिंतीवर लावलेली आहे, कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा.

खारूताई

भिंगरी, मग जोनासचं पण सांगून टाका, एकदाचं होऊन जाऊ दे.

भिंगरी

जोनास आणि दुसऱ्या मार्थाचा मुलगा म्हणजे तो फाटक्या ओठाचा बिननावाचा माणूस, जो बालपण, तारुण्य आणि म्हातारपण अशा तिन्ही वयांत एकत्र हिंडतो. त्याचा आणि ॲग्नेसचा मुलगा ट्रॉन्टे. ट्रॉन्टेचा उलरिक. उलरिकची मुलं मॅग्नस, मार्था आणि मिकेल. मिकेल २०१९ मधून १९८६ मध्ये जातो, तिथेच मायकेल म्हणून मोठा होतो, हॅनाशी लग्न करतो. त्यांचा मुलगा जोनास. म्हणजे जोनास हा स्वतःच्याच खापरपणजोबाचा बाप आहे. मालिकेत याला 'गाठ' म्हणतात ते उगाच नाही.

चौकसताईंच्या प्रश्नासाठी यातली एक गोष्ट कामाची आहे. क्लॉडियाची मुलगी रेगिना या गाठीतून जन्मलेली नाही. सगळे तिला ट्रॉन्टेची समजतात, पण तिचे वडील बर्न्ड डॉप्लर. म्हणून शेवटच्या जेवणाच्या टेबलावर ती जिवंत बसलेली दिसते. तिथे बसलेलं कुणीही गाठीतून जन्मलेलं नाही: हॅना, कॅथरीना, पीटर, बर्नाडेट, वोलर, रेगिना. क्लॉडियाची इतक्या वर्षांची धडपड या एका मुलीसाठी होती, हे तिथे कळतं. जग वगैरे वाचवणं तिच्या दृष्टीने वरकड.

लंबक

भिंगरी, +१. क्लॉडिया ही या मालिकेतली सगळ्यात मोठी व्यक्तिरेखा. ॲडम आणि इव्हा आपापली बाजू लावून धरतात आणि ही बाई दोघांनाही खेळवते. दुसऱ्या जगातल्या स्वतःला गोळी घालून तिची जागा घेते आणि इव्हाला पत्ता लागू देत नाही. तिच्यावर वेगळी चर्चा व्हायला हवी.

मूळ प्रश्नाबद्दल माझं मत असं की उत्तर शोधू नये. शेवट भावनेचा आहे, गणिताचा नाही.

निशाचर

लंबक, हा पळपुटेपणा झाला. पहिले दोन सीझन आम्हाला गणित शिकवलं. काहीही करा, जे झालं तेच होणार. जोनास वडिलांची आत्महत्या थांबवायला जातो आणि त्याच्याच बोलण्यातून मायकेलला कळतं की आपल्याला हे करायचं आहे. ॲडमला गोळी घालता येत नाही, कारण तो पुढे जगलेला आहे. इतका कडक नियम. आणि शेवटच्या भागात म्हणायचं की आता नियम नाही, आता रुमाल काढा?

अमुकतमुक

निशाचर यांच्या मुद्द्यात दम आहे, पण नियम शेवटच्या भागात मोडलेला नाही. तो सातव्या भागात बदलला, आणि सांगून बदलला. तिथे घाई केली की आठवा भाग डोक्यावरून जातो.

सातव्या भागात कळतं की २७ जून २०२० च्या प्रलयाच्या वेळी एका क्षणासाठी काळ थांबतो. काळ थांबला की कारण आणि परिणामाची साखळी तेवढ्यापुरती तुटते. त्या फटीतून एकाच क्षणाचे दोन वेगळे पुढचे प्रवास निघू शकतात, आणि दोन्ही खरे असतात. इथे मालिका श्रोडिंगरच्या मांजराचा आधार घेते, पेटी उघडेपर्यंत जिवंतही आणि मेलेलंही असणाऱ्या. (श्रोडिंगरने ते मांजर १९३५ मध्ये मांडलं. आइनस्टाइन आणि रोझेन यांचा, अवकाशातल्या दोन जागा जोडणाऱ्या पुलाचा निबंधही १९३५ चाच. मालिकेतल्या विंडन गावच्या गुहेतला काळप्रवासाचा बोगदा आणि हे मांजर एकाच वर्षाची भावंडं आहेत.)

आता आपल्या जगातल्या मार्थाच्या प्रेताशेजारी बसलेला जोनास घ्या. त्या एका क्षणातून तो किती वाटांनी निघतो ते मोजा. पहिल्या वाटेवर दुसरी मार्था त्याला न्यायला येतच नाही, कारण रेगिनाचा मुलगा बार्टोश तिला आधीच अडवतो. जोनास तळघरात लपून वाचतो, मधल्या वयात मालिकेतला तो 'अनोळखी माणूस' होतो, शेवटी ॲडम होतो. दुसऱ्या वाटेवर ती त्याला घेऊन जाते, त्यांना मूल होतं आणि जखमेचा व्रण असलेली मार्था इव्हाच्या सांगण्यावरून त्याला गोळी घालते. तिसरी वाट फक्त शेवटच्या भागात उघडते: तिथे म्हातारा ॲडमच येतो आणि त्याला मूळ जगाकडे धाडतो.

खारूताई

थांबा. म्हणजे मेलेला जोनास आणि ॲडम झालेला जोनास, दोन्ही खरे? मी सगळा सीझन 'हा मेला मग म्हातारा कसा झाला' करत बसले होते.

अमुकतमुक

दोन्ही खरे. या सीझनमध्ये सगळ्यात जास्त लोक अडकतात ते इथेच. पडद्यावर ते दोन प्रवास आलटून पालटून दाखवतात आणि सातव्या भागापर्यंत खुलासा करत नाहीत, म्हणून आपल्याला वाटतं एकच माणूस इकडून तिकडे उड्या मारतोय. दिग्दर्शक बारान बो ओडार आणि लेखिका यांत्ये फ्रीझं यांनी प्रेक्षकाला मुद्दाम चकवलंय, पण फसवलेलं नाही.

निशाचर

मांजराला दोनच अवस्था असतात. जिवंत किंवा मेलेलं. तिसरी वाट कुठून आली?

अमुकतमुक

मांजर सोपं उदाहरण म्हणून दोन अवस्थांचं घेतात. सुपरपोझिशनमध्ये, म्हणजे एकाच वेळी अनेक अवस्थांत असण्यात, कितीही अवस्था असू शकतात, दोनचं बंधन नाही. त्यामुळे तिसऱ्या वाटेला माझी हरकत नाही.

हरकत वेगळी आहे, आणि ती मालिका टाळते. ही फट २०२० मधली. त्या तिसऱ्या जोनासचा *पुढचा* प्रवास मोकळा झाला, मान्य. पण त्याचा भूतकाळ? त्याची आई, मिकेलचं १९८६ मध्ये जाणं, टानहाउसचं यंत्र, हे सगळं त्याच्या पाठीमागे आहेच. त्याने १९७१ मधला अपघात टाळला की तो पायाखालची फांदीच तोडतो. त्या फटीने हा प्रश्न सुटत नाही.

चौकस

अगदी हेच! मला फटीबद्दल शंका नव्हती. शंका फांदीबद्दल आहे.

खारूताई

माझा एक बारीक प्रश्न. मालिका सतत ३३ वर्षं ३३ वर्षं करते. १९५३, १९८६, २०१९. मग १९७१ कुठून आलं? १९८६ मधून पंधराच वर्षं मागे.

भिंगरी

प्रश्न बारीक नाही, चांगला आहे. ३३ चं बंधन गुहेतल्या वाटेला आहे. शार्लट आणि एलिझाबेथ बाळ घेऊन येतात ते साल बघा, तेही १९७१च. जोनास आणि मार्था १९८६ मध्ये ज्या क्षणी टानहाउसचं यंत्र चालू होतं त्या क्षणी आत शिरतात आणि १९७१ मध्ये बाहेर पडतात. टानहाउसला तिथेच जायचं होतं, त्याची माणसं तिथेच गेली होती.

अमुकतमुक

३३ ची गंमत खरी आहे, एवढं सांगतो आणि गप्प बसतो. ३३ सौर वर्षांचे सुमारे १२,०५३ दिवस. ३४ चांद्र वर्षांचे सुमारे १२,०४८. फरक चार-पाच दिवसांचा. म्हणजे दर ३३ वर्षांनी सूर्याचा आणि चंद्राचा हिशोब जवळपास जुळतो, आणि हिजरीसारख्या निव्वळ चंद्रावर चालणाऱ्या पंचांगात तेवढ्या काळात एक वर्ष जास्त भरतं. त्यामुळे गुहा उघडते, हे अर्थात मालिकेचं.

लंबक

गप्प बसतो म्हणाले आणि पंचांग काढलं.

भिंगरी

मूळ मुद्द्यावर येऊ या, कारण मला एक गोष्ट खुपतेय आणि तिच्याकडे कुणी बघत नाही.

जोनास आणि मार्था त्या उजेडाच्या बोगद्यात असतात तो प्रसंग आठवा. दोघं एकमेकांपासून तुटतात. जोनासला लहानगी मार्था दिसते आणि मार्थाला लहानगा जोनास. मग बाहेर आल्यावर बोलताना लक्षात येतं की लहानपणी मार्थाला तिच्या कपाटात कोणीतरी दिसलं होतं. तो जोनासच होता.

आता याच भागात अर्धा तास मागे जा. क्लॉडिया ॲडमला म्हणते की हे बोलणं आपण याआधी कधीच केलेलं नाही, हे पहिल्यांदा घडतंय. ठीक. हे पहिल्यांदा घडत असेल तर बोगद्यातला प्रवासही पहिल्यांदाच घडतोय. मग मार्थाला लहानपणी, म्हणजे या सगळ्याच्या कितीतरी आधी, कपाटात जोनास *आधीच* कसा दिसला होता?

चौकस

अरे बापरे.

निशाचर

हे मात्र खरंच लक्षात आलं नव्हतं कुणाच्या.

खारूताई

मला जरा उकलून सांगा ना.

भिंगरी

क्लॉडियाचं खरं मानलं तर अगणित फेऱ्या झाल्या आणि ही फेरी वेगळी. तसं असेल तर या फेरीतल्या मार्थाच्या लहानपणी कपाट रिकामं असायला हवं, कारण तेव्हापर्यंत बोगद्यातून कोणी गेलेलंच नव्हतं. पण तिला ते आठवतंय. म्हणजे बोगद्यातला प्रवास तिच्या भूतकाळाचा भाग *होताच*. म्हणजे गाठ सोडवायला जाणं हेसुद्धा गाठीतच बांधलेलं होतं. क्लॉडियाला वाटतं ती साखळीच्या बाहेर पडली. ती पडली नाही.

लंबक

किंवा क्लॉडिया खोटं बोलतेय. तिचा इतिहास पाहता अशक्य नाही.

भिंगरी

खोटं बोलून तिला काय मिळणार? ॲडम त्या क्षणी पार खचलेला आहे. इतकी वर्षं एका बाळाला मारण्यासाठी घालवली, मार्थाला त्या बाळासकट संपवलं, आणि काहीच बदललं नाही. त्याला पटवायला खोट्याची गरज नव्हती.

अमुकतमुक

भिंगरी, तुमच्या कपाटाने माझा तिढा सोडवला. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

काळप्रवासाच्या प्रश्नाला भौतिकशास्त्रात ढोबळमानाने दोन उत्तरं दिली गेली. एक, जे झालं तेच होतं. मागे जाऊन काहीही करा, ते आधीच इतिहासात धरलेलं असतं. नोव्हिकोव्ह यांचं सुसंगतीचं तत्त्व हेच सांगतं, आणि 'डार्क'चे पहिले दोन सीझन तंतोतंत त्यावर चालतात. यात मागे जाऊन स्वतःच्या आजोबाला मारताच येत नाही. पिस्तूल अडकेल, पाय घसरेल, काहीतरी होईल.

दुसरं उत्तर डेव्हिड डॉइच यांनी १९९१ मध्ये मांडलं. ते म्हणतात, विसंगती येते कारण आपण 'आहे' किंवा 'नाही' असं एकच उत्तर मागतो. पुंज भौतिकीत (क्वांटममध्ये) तसं मागायची गरज नाही. काळाच्या वर्तुळात जी अवस्था शिरते तीच बाहेर पडली पाहिजे, एवढीच अट. आता आपला प्रसंग घ्या. जोनास असण्याची शक्यता 'प' धरा. जोनास असेल तर तो अपघात टाळतो आणि नाहीसा होतो. नसेल तर अपघात होतो आणि तो जन्मतो. म्हणजे एक फेरी मारून आल्यावर जोनास असण्याची शक्यता होते एक वजा 'प'. शिरताना आणि निघताना शक्यता सारखी हवी, तर 'प' बरोबर एक वजा 'प'. उत्तर अर्धा.

जोनास अर्धा आहे आणि अर्धा नाही. अपघात अर्धा झाला आणि अर्धा टळला. विसंगती उरतच नाही. आणि मार्थाच्या कपाटात जोनास दिसणं यात चपखल बसतं, कारण ही 'पहिली फेरी' आणि 'शेवटची फेरी' अशी रांग नाहीच. सगळं एकाच वेळी आहे.

चौकस

हे उत्तर मला पटतंय आणि म्हणूनच त्रास होतोय. मग गाडी अडवली कोणी, याचं उत्तर 'अर्ध्या जोनासने'?

अमुकतमुक

जो अर्धा आहे त्याने. हो.

निशाचर

कागदावर ठीक आहे. प्रत्यक्षात कुणी करून पाहिलंय का हे?

अमुकतमुक

काळप्रवास करून नाही, अर्थातच. २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलंड विद्यापीठाच्या गटाने दोन फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, घेऊन डॉइच यांच्या प्रारूपाचं अनुकरण केलं. एक फोटॉन 'तरुण', दुसरा 'म्हातारा' असं मानून. कुठलाही फोटॉन काळात मागे गेला नाही. पण असं वर्तुळ असेल तर ते कसं वागेल, हे तपासता येतं.

निशाचर

मग माझा आक्षेप ऐका. अर्धं-अर्धं मानलं तर शेवटचं जेवण म्हणजे अर्धीच गोष्ट. दुसऱ्या अर्ध्यात टानहाउस आजही एकटा बसून यंत्र बनवतोय, विंडनमध्ये मुलं हरवताहेत, प्रलय होतोय. मालिका ती बाजू दाखवत नाही. सगळे विरून जातात, सोनेरी कण उडतात, संगीत लागतं. प्रेक्षकाला सांगितलं जातं की संपलं. तुमच्या हिशोबाने संपलेलं नाही.

लंबक

मग ॲडम आणि इव्हा शेवटी समोरासमोर बसतात, ती वाट बघते की हा गोळी घालेल आणि तो घालत नाही, त्या प्रसंगाचं काय? सगळ्या मालिकेत पहिल्यांदा कोणीतरी ठरलेलं काम *करत नाही*. मला तिथेच पटलं होतं की गाठ सुटली. तुम्ही लोक तो प्रसंगही अर्धा करून टाकणार.

चौकस

लंबक, तो प्रसंग मलाही फार आवडतो. पण त्याच शेवटात हॅनाकडे बघा. दिवे जातात, खुर्चीवरचा पिवळा रेनकोट बघून तिला काहीतरी आठवल्यासारखं होतं. तिला स्वप्नही पडलेलं असतं, जग संपल्याचं आणि अंधाराचं. पोटातल्या बाळाचं नाव म्हणून तिला 'जोनास' सुचतं. जोनास कधी नव्हताच, तर हे येतं कुठून? मला आतापर्यंत हा नुसता हळवा शेवट वाटायचा. पण अर्धं दुसरीकडे अजून चालू असेल तर ती त्याची गळती आहे. निशाचर म्हणतात मालिका ती बाजू दाखवत नाही. दाखवते, हॅनाच्या तोंडून.

निशाचर

गळती हा शब्द डॉइच यांच्या निबंधात नाही, पैज लावतो. पण हॅनाचं ठीक आहे, एवढं सोडतो. नाव सुचणं मात्र मला अजूनही प्रेक्षकाला शेवटची चापटी मारल्यासारखं वाटतं.

खारूताई

भिंगरी, एक राहिलंच. रेगिना आहे, तर बार्टोश का नाही? तो तर तिचा आणि अलेक्झांडरचा मुलगा. अलेक्झांडर बाहेरून आलेला, त्याचा गाठीशी काय संबंध?

भिंगरी

तो गाठीतला नाही, पण १९८६ मध्ये तो रेगिनाला भेटतो कसा? कॅथरीना आणि उलरिक तिला छळत असतात, हा मध्ये पडतो. मूळ जगात उलरिक जन्मलेलाच नाही. ते भांडण नाही, ती ओळख नाही, लग्न नाही. बार्टोश न होण्यासाठी एवढं पुरतं. गाठीतून जन्म नसला तरी गाठीशिवाय जमलेलं काही टिकत नाही.

खारूताई

आणि पोलीस वोलरच्या डोळ्याला काय झालं होतं ते?

भिंगरी

तो सांगायला लागतो आणि दिवे जातात. तिन्ही सीझन हीच थट्टा आहे.

अमुकतमुक

परत पाहणाऱ्यांसाठी: तिसरा सीझन पहिल्यापासून लावू नका. पाचवा, सहावा, सातवा सलग पाहा आणि प्रत्येक वेळी जोनास दिसला की वर लिहिलेल्या तीनपैकी कुठल्या वाटेवरचा ते कागदावर खूण करा. मार्थासाठी वेगळा रकाना ठेवा, तिच्या गालावर व्रण आहे का ते बघून. मग आठवा.

निशाचर

आणि आठव्यात कपाटाच्या प्रसंगाला थांबवून भिंगरींना हाक मारा.